मूळकथेचा सातबारा करू नका

मा. संपादक,

सादर नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या वाचकपत्रांच्या सदरात गेले काही आठवडे विदर्भातील स्थळांच्या दंतकथांवरून जो वाद चालला आहे, तो मी पहिल्या पत्रापासून वाचत आलो आहे. काही वाचकांचे म्हणणे असे, की रुक्मिणी ही आमच्या कौंडण्यपूरचीच, आणि अरुणाचल प्रदेशातून तिच्यावर सांगितला जाणारा हक्क शासनाने अधिकृतपणे खोडून काढावा. दुसऱ्या बाजूचे वाचक म्हणतात, की लोणारचा लवणासुर काय किंवा चंद्रपूरचा ससा काय, या साऱ्या भाकडकथा असून पर्यटनाच्या फलकांवरून त्या पुसून टाकाव्यात आणि उत्खननातून सिद्ध झालेली माहितीच तेवढी ठेवावी. दोन्ही बाजूंची तळमळ खरी आहे. पण दोघेही मूळकथेकडे, म्हणजे स्थळाच्या किंवा लोकांच्या उगमाच्या कथेकडे, सातबाऱ्याच्या उताऱ्यासारखे पाहतात. एकाला त्यावर आपले नाव चढवायचे आहे, तर दुसऱ्याला ती नोंदच रद्द करून हवी आहे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या खेड्यांमध्ये मी प्राथमिक शिक्षक म्हणून नोकरी केली आणि आपल्या गावाची गोष्ट घरच्या म्हाताऱ्या माणसांना विचारून या, असे मुलांना सांगत आलो. त्या अनुभवाच्या बळावर या विषयावर जरा सविस्तर लिहितो आहे.

प्रथम रुक्मिणीचे पाहू. अमरावती जिल्ह्याच्या तिवसा तालुक्यात वर्धा नदीच्या काठी कौंडण्यपूर आहे. रुक्मिणीचा पिता भीष्मक राजा याची राजधानी कुंडिनपूर ती हीच, असे आपली परंपरा सांगते. अमरावतीच्या अंबादेवीच्या देवळातून श्रीकृष्णाने रुक्मिणीचे हरण केले, अशी श्रद्धा आहे, आणि रुक्मिणीच्या माहेरची म्हणून कौंडण्यपूरची पालखी दरवर्षी पंढरपूरला जाते. ती १५९४ पासून चालत आल्याचे मानले जाते. इकडे आपण असे सांगत असताना तिकडे अरुणाचल प्रदेशात, लोअर दिबांग व्हॅली जिल्ह्यात रोइंगजवळ भाजक्या विटांच्या एका जुन्या गढीचे अवशेष आहेत. त्यांना भीष्मकनगर म्हणतात आणि रुक्मिणी इथली, असे तेथे सांगितले जाते. भागवतात कृष्णाने रुक्मिणीचा भाऊ रुक्मी याचे केस भादरल्याचा प्रसंग आहे. इदू मिश्मी लोकांची कपाळावरचे केस सरळ कापण्याची जुनी रीत त्याच प्रसंगाशी जोडली जाते. गुजरातच्या किनाऱ्यावर पोरबंदरजवळच्या माधवपूरला रामनवमीपासून कृष्ण-रुक्मिणीच्या विवाहाचा मेळा भरतो, आणि २०१८ पासून त्या मेळ्याला ईशान्येकडच्या राज्यांचे पाहुणे वधूपक्ष म्हणून येतात. आपल्या काही वाचकांना यात विदर्भाचा अपमान दिसला. मला त्यात अपमान दिसत नाही. इदू लोकांच्या स्वतःच्या मूळकथा त्यांचे इगू, म्हणजे विधी करणारे जाणते, वेगळ्या गातात. रुक्मिणीची कथा त्यांच्या डोंगरापर्यंत पोहोचली आणि तिथल्या केसांच्या वळणाला येऊन चिकटली, हीच मुळात मोठी घटना आहे.

पुराव्याचा आग्रह धरणाऱ्यांना निराश करावे असेही इथे काही नाही. कौंडण्यपूरला १९६०च्या दशकात उत्खनन झाले आणि तिथली वस्ती महापाषाण काळापासून सातवाहन काळापर्यंत आणि पुढेही नांदत होती, हे त्यातून दिसले. रुक्मी हरल्यावर कुंडिनपूरला परतला नाही आणि भोजकट नावाचे नगर वसवून तिथेच राहिला, असे पुराणे सांगतात. हे भोजकट नाव कथेपुरते राहिलेले नाही. अचलपूरजवळच्या चम्मक गावी वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याचा पाचव्या शतकातला ताम्रपट सापडला आणि त्यात चर्मांक हे गाव भोजकट राज्यात असल्याचा उल्लेख आहे. हा मात्र खरोखरीचा जमिनीचा कागद आहे. त्यावरून एवढे सिद्ध होते, की दीड हजार वर्षांपूर्वी आपल्या या भागाला भोजकट म्हणत. रुक्मी नावाचा माणूस होऊन गेला, असे त्यावरून सिद्ध होत नाही आणि कथेला त्याची गरजही नाही. अगस्त्याची लोपामुद्रा, नळाची दमयंती, अजाची इंदुमती आणि कृष्णाची रुक्मिणी या चौघी विदर्भाच्या राजकन्या. साऱ्या भारताने या भूमीला तिच्या लेकींवरून ओळखले, ही गोष्ट मला कोणत्याही राजाच्या वंशावळीपेक्षा अधिक मोलाची वाटते. लेक ज्या घरी जाते तिथलीही होते, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

आता माझ्या जिल्ह्याची कथा. बल्लारपूरचा गोंड राजा खांडक्या बल्लाळशहा याच्या अंगावर गाठी आणि फोड होते. शिकारीत तहान लागली म्हणून तो झरपट नदीच्या कोरड्या पात्रात पाणी शोधू लागला आणि खडकातल्या एका खळग्यात त्याला पाणी मिळाले. त्या पाण्याने हातपाय धुतले आणि त्या रात्री राजाला गाढ झोप लागली. सकाळी राणीने पाहिले तर अंगावरचे फोड गेलेले. खळगा उकरल्यावर खडकात गाईच्या पावलांचे ठसे निघाले आणि ते पाणी कितीही उपसले तरी आटेना. तेच अचलेश्वराचे स्थान. पुढे एके दिवशी राजा त्या परिसरात घोड्यावरून फिरत असताना कपाळावर पांढरा ठिपका असलेला एक ससा झुडपातून बाहेर पडला आणि राजाच्या कुत्र्याच्या मागे लागला. कुत्रा पुढे, ससा मागे, असे दोघे मोठे वर्तुळ काढत धावले आणि शेवटी कुत्र्याने उलटून सशाला मारले. राजाने घरी येऊन राणीला सांगितले. राणी म्हणाली, की ही भूमी पराक्रमाची आहे. ससा ज्या वाटेने धावला त्याच वाटेवर परकोट बांधा आणि शहर वसवा. मेजर ल्युसी स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने १८६९ च्या आपल्या जमाबंदी अहवालात ही कथा टिपून ठेवली आहे, आणि चंद्रपूरकर आजही ती थोड्याफार फरकाने सांगतात.

हीच कथा विजयनगरची आहे. तुंगभद्रेच्या काठी शिकारीला गेलेल्या राजाच्या कुत्र्यांवर ससा उलटला आणि तिथे नगर वसले, असे तिथली परंपरा सांगते. सोळाव्या शतकात तिथे राहिलेला फर्नांव नुनिश हा पोर्तुगीज घोड्यांचा व्यापारी ते लिहून गेला आहे. १४११ मध्ये वसलेल्या अहमदाबादची कथाही हीच, आणि 'जब कुत्ते पर सस्सा आया, तब बादशाह ने शहर बसाया' ही म्हण तिथे अजून ऐकू येते. समुद्रापार मलायात मलाक्का शहराची गोष्ट पाहा. परमेश्वर नावाचा राजपुत्र झाडाखाली टेकला असताना एका लहानशा पांढऱ्या प्राण्याने त्याच्या शिकारी कुत्र्याला लाथ मारून पाण्यात ढकलले. तो प्राणी म्हणजे आपल्याकडच्या जंगलात ज्याला पिसोरी म्हणतात त्याच्याच जातकुळीचा. राजपुत्राने तिथेच शहर वसवले, आणि मलाक्काच्या राजचिन्हावर आजही दोन पिसोऱ्या आहेत.

एवढ्या ठिकाणी एकच कथा सापडली म्हणजे चंद्रपूरची कथा उसनी आणि म्हणून टाकाऊ, असा निष्कर्ष एका वाचकाने काढला होता. मला तो पटत नाही. शहर वसवणाऱ्या राजाला आपल्या प्रजेला काय सांगायचे असते, ते या कथेत नेमके आले आहे: इथली माती दुबळ्यालाही उलटून उभे राहण्याचे बळ देते. मोठ्या सत्तांच्या शेजारी राज्य उभारणाऱ्याला ही कथा हवीच होती. चंद्रपूरच्या जटपुरा दरवाजाखालून रोज हजारो लोक जातात. त्यांनी एकदा थांबून वर पाहावे. तिथे दगडात कोरलेले गोंड राजचिन्ह आहे, ज्यात सिंहाने हत्तीला दाबून धरले आहे. आकाराने लहान असलेल्याने मोठ्याला नमवावे, हा विचार सशाच्या कथेत आहे आणि या दगडातही आहे, असे माझे वाचन आहे. ते चुकीचे ठरले तरी चालेल, पण कथा फलकावरून पुसली तर असे वाचन करून पाहण्याची सोयच उरणार नाही. शिवाय इथल्या कथेत झरपटचे पाणी आहे, राजाचा रोग आहे आणि राणीचा सल्ला आहे. ससा कुठूनही आला असेल, ही राणी मात्र इथली आहे.

कचारगडबद्दल जरा थांबून लिहायला हवे, कारण या सगळ्या वादात त्याचा उल्लेख एकाही पत्रात आला नाही आणि मला ते लागले. गोंदिया जिल्ह्यात सालेकसा तालुक्यात धनेगावजवळच्या डोंगरात ही प्रचंड गुहा आहे. माघ पौर्णिमेला तिथे मोठी जत्रा भरते आणि महाराष्ट्राबरोबरच मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगण अशा अनेक राज्यांतून गोंड समाज येतो. त्यांच्या कथेप्रमाणे कली कंकालीची तेहतीस मुले शंभूने या गुहेत कोंडली आणि दारावर भली मोठी शिळा लावली. जंगो रायताड या मातेने त्यांची काळजी वाहिली. पहांदी पारी कुपार लिंगो याने त्यांना सोडवायचे ठरवले आणि हिरासुका पाटालीर या वादकाच्या संगीताने कोंडलेल्या मुलांच्या अंगात बळ संचारले. सर्वांनी मिळून शिळा ढकलली, मुले बाहेर आली, पण हिरासुका त्याच शिळेखाली सापडून गेला. मग लिंगोने सुटलेल्यांना शिकवण दिली आणि त्यांची चार, पाच, सहा आणि सात देवांच्या सगांमध्ये, म्हणजे कुळगटांमध्ये, वाटणी केली. गोंड समाजात कोणाचे लग्न कोणाशी होऊ शकते, हे आजही या वाटणीवरून ठरते. ज्या कथेवरून आज सोयरीक ठरते तिला भाकडकथा म्हणणाऱ्या वाचकाने त्या समाजाच्या एखाद्या लग्नघरी जाऊन पाहावे.

ही कथा परधान, म्हणजे गोंडांचे परंपरागत गायक, गात आले आहेत. तीन तारांची किंगरी मांडीशी टेकवून एक वृद्ध परधान सगांची आणि देवांची नावे गात होते, तेव्हा मी जवळ बसलो होतो. मोबाईलवर चित्रण करणाऱ्या एका तरुणाने नम्रपणेच सुचवले, की नावांचा भाग फार लांब आहे, तेवढा सोडून कथाच सांगावी. म्हाताऱ्यांनी किंगरी थांबवली, तारांवर बोट फिरवून सूर पुन्हा लावला आणि सुरुवातीच्या नमनापासून सगळे परत गायला घेतले. नावे गाळली तर ती कथा राहत नाही, हे त्यांनी एक शब्दही न बोलता सांगितले. स्टीफन हिस्लॉप या नागपूरच्या स्कॉटिश मिशनऱ्याने एका परधानाकडून लिंगोची कथा उतरवून घेतली होती. १८६३ मध्ये टाकळघाटच्या शिळावर्तुळांकडून परतताना तो नदीत बुडून वारला आणि त्याची टिपणे १८६६ मध्ये रिचर्ड टेंपल यांनी छापली. त्या पाठात आणि आज कचारगडला ऐकू येणाऱ्या पाठात बराच फरक आहे, महादेवाची भूमिका निराळी आहे आणि पात्रांची नावेही निराळी आहेत. म्हणून त्यातला एक खोटा ठरवायची घाई कोणी करू नये. दोन परधानांनी दोन काळात गायलेले ते दोन पाठ आहेत आणि दोन्ही जपायला हवेत.

पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला, दक्षिण अमेरिकेत पेरू देशात, इंका लोक आपल्या राजवंशाचा उगम असाच सांगत. कुस्कोजवळ पाकारिताम्बो येथील डोंगरात तीन तोंडांची गुहा होती आणि तिच्यातून चार भाऊ आणि चार बहिणी बाहेर पडल्या. त्यांच्यातला आयार काची हा भाऊ इतका बलवान, की गोफणीच्या दगडाने डोंगर फोडी. भावंडांना त्याची भीती वाटली, त्यांनी त्याला काहीतरी आणायला म्हणून गुहेत परत पाठवले आणि दारावर शिळा लावून आत कोंडून टाकले. उरलेल्यांपैकी मांको कापाक याने कुस्को वसवले. मेक्सिकोतील अझ्टेक लोक आपण सात गुहांच्या स्थानातून निघालो असे सांगत आणि गरुड निवडुंगावर बसलेला दिसला तिथे १३२५ मध्ये त्यांनी आपले नगर वसवले. तो गरुड आज त्या देशाच्या झेंड्यावर आहे. या लोकांची आणि गोंडांची कधी गाठ पडली असेल असे कोणी म्हणणार नाही. तरीही गुहा, शिळा आणि मागे राहिलेला एक जण या तीन गोष्टी दोन्हीकडे आहेत. गोंडांच्या कथेत मात्र जो गेला तो इतरांना सोडवताना गेला. इंकांच्या कथेत त्याला त्याच्याच भावंडांनी कोंडले. माझे मन हिरासुकाकडे ओढ घेते, हे लपवत नाही.

मेळघाटातील कोरकूंची कथा वेगळ्या कारणासाठी सांगावीशी वाटते. सातपुडा आणि विंध्य ओस पडलेले पाहून रावणाने महादेवाला तिथे माणसे वसवण्याची विनंती केली. महादेवाने कावळ्याला लाल मातीचे वारूळ शोधायला पाठवले आणि त्या मातीच्या एक पुरुष आणि एक स्त्री अशा दोन मूर्ती घडवल्या. पण इंद्राने पाठवलेल्या घोड्यांनी त्या तुडवून टाकल्या. पुन्हा घडवल्या, पुन्हा तुडवल्या. शेवटी महादेवाने आधी मातीचे कुत्रे करून त्यांच्यात प्राण फुंकले, त्या कुत्र्यांनी घोडे हाकलले आणि मग मुला आणि मुलाई हे कोरकूंचे पहिले आईबाप उभे राहिले. मातीपासून माणूस घडल्याची कथा जगभर आहे. चीनमध्ये नुवा देवी पिवळ्या मातीची माणसे करते आणि प्राचीन इजिप्तमध्ये ख्नूम देव ती चाकावर घडवतो. पण घोड्याने मूर्ती तुडवण्याचा हा प्रसंग झारखंड आणि त्या बाजूच्या संथाळ आणि मुंडा लोकांच्या कथेतही आहे. कोरकू भाषा मराठीच्या किंवा गोंडीच्या कुळातली नाही, ती मुंडा कुळातली आहे. मधे शेकडो मैलांचे अंतर असताना भाषेचे नाते आणि कथेचे नाते इथे एकमेकांना दुजोरा देतात. ज्या लोकांनी लेखी इतिहास ठेवला नाही, त्यांचा जुना शेजार आणि जुनी वाट अशा कथेत टिकून राहते, आणि फक्त उत्खननाचे मागणाऱ्या वाचकांना हा पुरावा कुदळीने मिळणार नाही.

लोणारबद्दल आपल्या वाचकांनी बरेच लिहिले आहे, म्हणून थोडक्यात लिहितो. लवणासुर जमिनीखालच्या विवरात राहत होता, विष्णूने पायाच्या अंगठ्याने विवराचे झाकण उडवले आणि त्याचा वध केला, ही कथा दैत्यसूदनाच्या देवळाशी जोडलेली आहे. १८२३ मध्ये अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्याने या विवराची नोंद घेतली. ते ज्वालामुखीचे आहे असेच पुढे दीर्घकाळ अनेक विद्वान मानत आले आणि उल्केच्या आघाताने ते झाल्याचे १९७३ मध्ये इथल्या खडकांच्या अभ्यासातून पक्के झाले. त्याचे वय एका पद्धतीने सुमारे ५२ हजार वर्षे येते आणि दुसऱ्या पद्धतीने सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे. आपल्या पूर्वजांनी उल्का पडताना पाहिली आणि ती कथेत जपली, असे जे वाचक अभिमानाने लिहितात, त्यांनी हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत. अमेरिकेत ओरेगॉन राज्यात क्रेटर लेक हे सरोवर सुमारे ७ हजार ७०० वर्षांपूर्वी डोंगर स्फोटाने खचून झाले. क्लॅमथ लोक त्याची कथा पाताळाचा स्वामी लाओ आणि आकाशाचा स्वामी स्केल यांच्या युद्धाची म्हणून सांगतात. तिथे त्या स्फोटाच्या राखेच्या थराखाली माणसांनी विणलेल्या चपला सापडल्या आहेत, म्हणजे पाहणारे डोळे तिथे होते. लोणारला तसे काही मिळालेले नाही. इथल्या माणसाने तयार विवर पाहिले, खारे पाणी चाखले, कडा एखाद्या भांड्यासारखा गोल आहे हे ओळखले आणि यावर झाकण होते आणि ते कोणीतरी उडवले, असा अर्थ लावला. इतके बारीक पाहणेही मला कमी मोलाचे वाटत नाही.

मूळकथेला इतिहासाचे प्रमाणपत्र देण्याचा आग्रह कुठे नेतो, याचे उदाहरण जपानचे आहे. सूर्यदेवतेच्या वंशातला जिम्मू हा पहिला सम्राट इसवी सनापूर्वी ६६० मध्ये गादीवर बसला, अशी तिथली कथा. कथा सुंदर आहे आणि जपानी माणसाला ती प्रिय असणे स्वाभाविक आहे. पण सैनिकी राजवटीने १९४० मध्ये या घटनेची २६०० वर्षे राष्ट्रीय उत्सव म्हणून साजरी केली, आणि ही कथा सांगणाऱ्या जुन्या ग्रंथांतील आरंभीचा भाग नंतर रचलेला आहे असे अभ्यासाने मांडणाऱ्या त्सुदा सोकिची या प्राध्यापकांची पुस्तके त्याच वर्षी बंद केली. त्यांच्यावर खटला भरला आणि १९४२ मध्ये त्यांना दोषी ठरवले. प्राचीन अथेन्सचे नागरिक आपण याच मातीतून उगवलो असे सांगत, आणि तेवढ्यावरून बाहेरून आलेल्यांना कमी लेखत. आज जो फलकावर कथेच्या डोक्यावर 'इतिहास' असा मथळा लिहून घेतो, तो उद्या त्या कथेवर शंका घेणाऱ्या शिक्षकाला जाब विचारतो. आपल्याकडे असे टोकाला गेलेले नाही आणि जाऊ नये अशी माझी तळमळ आहे. पण चुणूक दिसते. एका देवस्थानच्या नव्या फलकावर गावकऱ्यांच्या तोंडची तीन पाठांची कथा काढून एकच पाठ घातला आहे, त्याला इसवी सनापूर्वीचे एक साल जोडले आहे आणि कथेतल्या आदिवासी सेवकाचे नाव गाळले आहे. जुन्या फलकावर ते नाव होते. मी तेथील मंडळींना विचारले, तर नाव घातल्याने फलक लांबत होता, असे उत्तर मिळाले.

म्हणून माझी मागणी दोन्ही बाजूंच्या वाचकांपेक्षा निराळी आहे. स्थळाच्या फलकावर कथा असावी आणि ती 'असे सांगतात' या शब्दांनी सुरू व्हावी; कोण सांगतात, हेही लिहावे. गोंड सांगत असतील तर गोंड, कोरकू सांगत असतील तर कोरकू, वारकरी सांगत असतील तर वारकरी. एकापेक्षा अधिक पाठ असतील तर ते सर्व द्यावेत. त्याच्याखाली, वेगळ्या चौकटीत, उत्खनन, ताम्रपट, शिलालेख आणि खडकांचा अभ्यास यांतून जे निश्चित कळले आहे ते साध्या मराठीत द्यावे. नागपूरजवळच्या जुनापाणीच्या शिळावर्तुळांना लोक एके काळी गवळ्यांची म्हणत आणि पुरातत्त्व सांगते की ती महापाषाण काळातील दफनस्थाने आहेत. एकाच फलकावर ही दोन्ही वाक्ये सुखाने राहू शकतात. हेमाडपंती देवळे एका रात्रीत बांधली गेली, हेही लिहावे आणि त्यांचा दगड चुन्याशिवाय कसा सांधला, हेही लिहावे. वाचणारा शहाणा असतो, त्याला दोन्हीतला फरक कळतो.

दुसरी मागणी शाळांकडे आणि ग्रामपंचायतींकडे आहे. सहावी-सातवीच्या मुलांनी आपल्या गावातल्या वृद्धांकडून गावाची, कुळाची, पोळा-मारबतीसारख्या सणांची गोष्ट ज्या बोलीत सांगितली जाईल त्याच बोलीत उतरवून घ्यावी. प्रमाण मराठीत रूपांतर नंतर करता येते, पण गोंडीत किंवा कोरकूत सांगितलेल्या कथेचे मूळ शब्द एकदा गेले की परत आणता येत नाहीत. सांगणाऱ्याची परवानगी घ्यावी, कारण काही नावे आणि काही गाणी ठरावीक विधीखेरीज बाहेर म्हणायची नसतात आणि तो संकोच पाळला गेला पाहिजे. वही ग्रामपंचायतीच्या वाचनालयात राहावी. परधानांना किंगरी घेऊन शाळेत बोलवावे, आणि बोलवताना त्यांना मान आणि मानधन द्यावे. त्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा हक्कच तसा आहे, ते कोणाच्या दारी मागायला येत नाहीत.

आपल्याकडे एक विनंती आहे. वाचकपत्रांतील हा वाद मिटवण्याऐवजी आपल्या दैनिकाने आठवड्यातून एकदा अर्धा स्तंभ राखून ठेवावा आणि वाचकांकडून त्यांच्या गावच्या मूळकथा मागवाव्यात. सोबत सांगणाऱ्याचे गाव, बोली आणि त्याने ती कोणाकडून ऐकली एवढे असावे. पहिली कथा म्हणून झरपटच्या पाण्याची आणि पांढऱ्या ठिपक्याच्या सशाची कथा, मी दोन वेगवेगळ्या घरांत ऐकलेल्या तिच्या दोन्ही पाठांसह, सोबत पाठवीत आहे. एका पाठात कुत्र्याने सशाला मारले आणि त्या जागी बुरूज बांधला. दुसऱ्या पाठात ससा परकोटाच्या आतच कुठेतरी नाहीसा झाला. छापताना दोन्ही छापावेत.

आपला विश्वासू,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षक,
ता. मूल, जि. चंद्रपूर